दोन हजार आणि पिको

आमच्या मेढ्यात स्पॅनिश शिकायला कारण लागतं. पुण्यात लागत नाही. तिथं माणूस निवृत्त झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी एक तर टेकडीवर जातो, नाही तर परदेशी भाषेच्या क्लासला. मेढ्याला सगळीकडून डोंगरच असल्यामुळं टेकडीचं कुणाला अप्रूप नाही, आणि परभाषा म्हणाल तर साताऱ्याच्या पलीकडं बोलतात ती सगळीच. तेव्हा जावळी तालुक्यातल्या शाळांमधून 33 वर्षं पाढे घोकून घेतलेला माझ्यासारखा गुरुजी एका सकाळी ओसरीवर बसून “ला कामीसा, एल पांतालोन, लोस थापातोस” असं मोठ्यानं म्हणायला लागला, तेव्हा दूध घालायला आलेल्या माणसानं किटली खाली ठेवली आणि आत जाऊन आमच्या मंडळींना हळूच विचारलं, “गुरुजींचं बरं हाय न्हवं?”

बरं होतं. पुतण्याचं लग्न ठरलं होतं.

आमच्या खोऱ्यात घरातलं कुणी लांब असणं नवं नाही. इथल्या घराला तीन खांब मेढ्यात आणि चौथा मुंबईत. थोरले दादा तरणे असतानाच माथाडी कामाला गेले, आधी मस्जिद बंदर, मग बाजार वाशीला हलला तसे वाशीला. त्यांनी पाठीवर पोती वाहिली म्हणून पोराच्या पाठीवर लॅपटॉपची पिशवी आली. ती पिशवी घेऊन पोरगं थेट स्पेनला गेलं, समुद्राकाठच्या आ कोरुन्या नावाच्या गावी, आणि तिथलीच मुलगी पसंत केली. मुलीनं अट घातली, लग्न मेढ्यात. आमच्या वहिनींनी त्यावर आपली अट घातली, बस्ताही मेढ्यातच. साताऱ्याला जायचं नाही, पुण्याचं नाव काढायचं नाही. ज्या दुकानानं माथाडीच्या पगारावर उधारीनं कापड दिलं, त्याच गादीवर बसून सून आणि विहीणबाई साड्या घेतील.

“आणि भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “विहीणबाईंशी बोलायचं काम तुमचं. घरात शिकलेले तुम्हीच.”

शिकलेल्या माणसाला न शिकलेली गोष्ट करायला लावणं ही आपली जुनी पद्धत आहे. जनगणना आली की गुरुजी, निवडणूक आली की गुरुजी, आता विहीणबाई आल्या तर गुरुजीच. पुण्याला एका कामासाठी गेलो होतो, तेव्हा अप्पा बळवंत चौकातून स्पॅनिशचं एक पुस्तक आणलं. त्यातला सातवा धडा निघाला ‘कपड्यांची खरेदी’. मी ठरवलं, आपल्याला अख्खं स्पेन काय करायचंय? एसटीचा पास जसा एकाच मार्गाचा काढतात, तशी आपण सातव्या धड्याचीच भाषा शिकायची. विहीणबाई दुकानाबाहेर असतील तोवर हसायचं आणि दुकानात शिरल्या की बोलायचं.

पहिल्या आठ दिवसांत लक्षात आलं की ही भाषा आपल्यासारखीच सरळ आहे. लिहितात तसं वाचतात. इंग्रजीसारखं लिहायचं एक, म्हणायचं दुसरं आणि चुकलं की हसायचं तिसऱ्यानं, असलं काही नाही. लिंगाचाही धाक वाटला नाही. पुस्तकानं पहिल्या पानावर दम दिला होता की स्पॅनिशमध्ये प्रत्येक वस्तूला पुल्लिंग किंवा स्त्रीलिंग असतं, विद्यार्थ्यानं घाबरू नये. ज्याच्या घरात तो सदरा, ती विजार आणि ते धोतर एकाच दोरीवर वाळत घालतात, त्याला दोन लिंगांचं काय भय? उलट एक लिंग कमी भरल्यामुळं मला चुकल्यासारखंच झालं. फक्त एवढंच की त्यांच्याकडं बायकांचा झगा तो, आणि पुरुषांचा टाय ती. पण मिशी ती आणि कुंकू ते असणाऱ्यांनी दुसऱ्याला हसू नये.

त्याहून मोठी गंमत पुढं होती. ‘मे गुस्ता’ म्हणजे मला आवडतं. ‘मे केदा ब्येन’ म्हणजे मला नीट बसतो. इंग्रजीत माणूस वस्तूला आवडवून घेतो, तिथं कर्तेपण साहेबाकडं. स्पॅनिशमध्ये आणि आपल्यात वस्तू येते आणि आपल्याला आवडते, आपण नुसते ‘मला’ म्हणून बाजूला बसलेले. शर्ट मला बसतो. मी शर्टाला काही करत नाही. शहरातली इंग्रजी माध्यमाची पोरं इथं अडखळतात म्हणे, मी मात्र तो धडा तंबाखू मळता मळता संपवला.

अडचण शब्दांची नव्हती, कानांची होती. माझ्या नव्हे, घरच्यांच्या. स्पॅनिशमध्ये कपड्यांना म्हणतात ‘रोपा’. मी ओसरीवर “रोपा, रोपा” करत बसलो की शेजारचे म्हातारबा कुंपणावरनं ओरडायचे, “गुरुजी, लावणीला अजून येळ हाय, आत्ता कुठनं आणताय रोपं?” स्वस्त म्हणजे ‘बारातो’. मंडळींना ते ‘बरा तो’ ऐकू यायचं आणि त्या विचारायच्या, “कोण बरा?” घट्ट म्हणजे ‘आप्रेतादो’. शब्दाच्या पोटातच प्रेत असल्यामुळं हा शब्द तिन्हीसांजेला म्हणायचा नाही असा घरात नियम झाला. आणि धड्याच्या शेवटी गिऱ्हाईक वस्तू पसंत करून म्हणतं, ‘मे ला येवो’, म्हणजे ही मी घेतो. मी ते वाक्य पाठ करत असताना मंडळी दारात येऊन उभ्या राहिल्या.

“अहो, कोण मेला येवो?”

“कुणी नाही. शर्ट घेतोय.”

“शर्टाला मेला म्हणतात होय? उद्या विहीणबाईंना काय म्हणाल?”

एकदा फोनवर पुतण्याला ऐकवायला म्हणून मी स्वतःची ओळख करून दिली, मी मेढ्याचा. सोय दे मेढा. तो पाच मिनिटं हसत होता. ‘मेदिया’ म्हणजे अर्धा आणि ‘मेदियास’ म्हणजे बायकांचे लांब पायमोजे. “काका, तिकडं ऐकणाऱ्याला वाटेल तुम्ही मोज्यातून आलात.” आता शिवरायांनी 1656 साली जावळी घेतली, त्या मुलखाच्या मुख्य ठिकाणाला मोजा म्हणायचं? मी ठरवलं, गाव विचारलं तर सातारा सांगायचं.

तरी शिकता शिकता माझा ऊर भरून येत होता, कारण त्या धड्यात आपलीच माणसं भेटत होती. ‘चाल’ म्हणजे शाल. ‘काचेमीरा’ म्हणजे काश्मीरची लोकर. आणि ‘पिखामा’! आपला पायजमा इंग्रजांच्या बोटाला धरून स्पेनला गेला, तिथल्या घशातनं निघताना त्याच्या ‘ज’चा ‘ख’ झाला आणि तो झोपायचा कपडा म्हणून कायमचा तिकडंच राहिला. उलट पोर्तुगीज गोव्याला उतरले तेव्हा त्यांचे शब्द आपल्या अंगावर येऊन बसले. शर्टाचं काज हे पोर्तुगीज ‘कासा’, म्हणजे घर. बटणाचं घर. इस्त्री त्यांच्या ताणण्याच्या ‘एस्तिरार’मधून आली. पायातल्या सपाता या त्यांच्या ‘सापातो’. आणि मी ज्यांना थापातोस म्हणून घोकत होतो, त्या या सपातांच्या सख्ख्या मावसबहिणी. एवढं कळल्यावर मला वाटलं, निम्मी स्पॅनिश आपल्या खुंटीवरच टांगलेली आहे, नुसती झटकून घालायची.

फक्त एक गोष्ट खटकत होती. तो सातवा धडाच मला खरा वाटेना.

धडा असा: गिऱ्हाईक दुकानात शिरतं. नमस्कार करतं. मला एक शर्ट हवा, म्हणतं. कोणता साइज? मध्यम. घालून बघू का? हो, खोली तिकडं आहे. छान बसतो. किती? 20 युरो. हा मी घेतो. धन्यवाद. संपलं. गिऱ्हाइकाच्या आठ वाक्यांत खरेदी! मेढ्यात आठ वाक्यांत माणूस चप्पलसुद्धा काढत नाही. शर्ट हवा असेल तर शर्ट हवाय असं म्हणणारं गिऱ्हाईक आमच्याकडं आजवर झालं नाही. शर्ट हवा असेल तर आधी टॉवेल बघायचे, मग दुकानदाराच्या पोरीच्या लग्नाचं विचारायचं, मग निघता निघता खुंटीकडं बोट दाखवून “हे असलं कोण घालतं हो?” म्हणायचं. त्यावर दुकानदारानं ते काढून समोर टाकलं की खरेदी सुरू झाली.

आणि घासाघीस? मी पुस्तक पुढून वाचलं, मागून वाचलं, शब्दसूचीत शोधलं. ‘बोहनी’ला शब्द नाही. ‘खरेदीत पडत नाही’ला वाक्य नाही. ‘तुमच्यासाठी म्हणून’ नाही. पुतण्यानं सांगितलं, तिकडं भाव कमी करायचा असतो, पण तो पंचांगानं. जानेवारीत तीन राजांचा सण झाला की आणि मग उन्हाळ्यात, असे वर्षातून दोनदा ‘रेबाखास’ लागतात, म्हणजे सेल. पूर्वी तर त्याच्या तारखा कायद्यानं बांधलेल्या असायच्या, 2012 मध्ये ते बंधन सुटलं. म्हणजे जे काम आमच्या मंडळी मंगळवारी दुपारी एका चपलेवर उभ्या राहून करतात, त्यासाठी तिकडं सरकार लागायचं.

मे महिन्यात विहीणबाई आल्या. जावळीच्या खोऱ्यात पाहुणा येणं ही जपून करायची गोष्ट आहे. 1659 साली विजापूरहून एक पाहुणे आले होते, त्यांची परतीची सोय होऊ शकली नाही. त्यामुळं आम्ही जरा जास्तच अगत्य दाखवलं. औक्षण झालं, चहा झाला, कंदी पेढे झाले. मी घसा साफ केला आणि विचारलं की आपल्याला उद्या कोणती ‘रोपा’ बघायची आहे. विहीणबाईंनी भुवया उंचावल्या, लेकीकडं वळल्या आणि म्हणाल्या, “रोउपा?”

माझ्या पोटात गोळा आला. पुतण्यानं मग कबूल केलं. त्यांचा मुलूख गॅलिसिया. घरात त्या स्पॅनिश नव्हे, गॅलिशियन बोलतात, पोर्तुगीजची सख्खी बहीण. स्पॅनिश त्यांना येतं, पण ते शाळेचं, कचेरीचं. म्हणजे मी चार महिने जे घोकलं ते त्यांचं पुस्तकी पुणेरी होतं, आणि त्या मात्र तिकडच्या जावळीच्या निघाल्या. मला एकदम बरं वाटलं. ज्या बाईच्या घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, ती आपल्या चुका काढत नाही. तिनं तेवढ्या चुका आधीच खाल्लेल्या असतात.

त्यांचं गाव कपड्यांच्या जगात मोठं, हेही तेव्हाच कळलं. लेकीच्या टी-शर्टाच्या गळ्याला मागं चार इंग्रजी अक्षरं होती. आमच्या पुण्याच्या भाचीनं ती लांबूनच ओळखली आणि ती ओरडली, “झारा!” मंडळी स्वयंपाकघरातून भज्यांचा झारा घेऊन धावत आल्या. मग उलगडा झाला की ते दुकान आहे आणि त्याचा पहिला दरवाजा 1975 साली आ कोरुन्यातच उघडला. आमान्सियो ओर्तेगा नावाचा रेल्वे कामगाराचा मुलगा, शाळा सोडून पोरवयात शर्टांच्या दुकानात कामाला लागला, त्यानं पुढं ते उभं केलं. विहीणबाई मात्र त्याला झारा म्हणेनात. त्यांच्या जिभेवर तो ‘थारा’ होतो. दादांनी हे ऐकलं आणि मान डोलावली. “नाव चांगलं ठेवलंय. कामगाराच्या पोराला मिळाला म्हणायचा थारा.”

दुसऱ्या दिवशी बस्ता.

आम्ही 14 माणसं निघालो, त्यातली खरेदी करणारी तीन. दुकानात पांढरी चादर घातलेली गादी, भिंतीला लोड, कोपऱ्यात उभा आरसा, आरशाच्या डोक्यावर लक्ष्मी आणि तिला उदबत्ती. विहीणबाईंनी थापातोस काढले, एका बाजूला पाय घेऊन बसल्या. दुकानदार हात जोडून म्हणाले,

“घेऊ नका ओ बाई, नुसतं बघा.”

मी चमकलो. हे वाक्य मला येत होतं! सातव्या धड्याच्या तळटिपेत होतं, ‘सोलो एस्तोय मिरांदो’, मी नुसतं बघतोय. पण पुस्तकात ते गिऱ्हाइकाच्या तोंडी होतं. तिकडं गिऱ्हाईक असं म्हणालं की दुकानदार समजतो, याला एकटं सोडा, आणि बाजूला होतो. इकडं हेच वाक्य दुकानदार म्हणतो आणि गिऱ्हाईक समजतं, आता दोन तास सुटका नाही. मी भाषांतर केलं. विहीणबाईंना हायसं वाटलं, त्या म्हणाल्या, हो हो, नुसतंच बघू, आणि उठायला लागल्या. तोवर पहिल्या 40 साड्या त्यांच्या मांडीवर येऊन पडल्या होत्या.

मग दुसरा घोळ झाला. विहीणबाईही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनीही तिकडं चार महिने मराठी शिकून घेतली होती आणि त्यांनीही एकच धडा केला होता. कोणता, ते सांगायला नको. त्यांनी एक मोरपंखी साडी उचलली, माझ्याकडं वळल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, “याची किंमत काय आहे?” त्याच क्षणी मी त्यांच्याकडं वळून स्पष्ट विचारलं, “क्वांतो क्वेस्ता?” म्हणजे याची किंमत काय आहे. त्यांनी परत विचारलं. मी परत विचारलं. दोघांनाही गिऱ्हाइकाचीच वाक्यं येत होती, उत्तर कुणाच्याच पुस्तकात नव्हतं.

दुकानदारांनी थोडा वेळ दोघांकडं बघितलं. “गुरुजी, दोघंबी मलाच इचारा की. दुकान माझं हाय.”

नऊवारी निघाली तेव्हा विहीणबाईंनी धड्यातला पुढचा प्रश्न काढला, “के ताया?” दुकानदारांना वाटलं ताईंना हाक मारतात. मी म्हटलं, साइज विचारतायत. त्या दुकानात मी लहानपणापासून जातोय, दुकानदार गप्प झालेले मी पहिल्यांदा बघितले. साडीचा साइज! जी गोष्ट लेकीला होते, आईला होते, आजीला होते आणि शेवटी फाटली की गोधडीला होते, तिला साइज कसला? मी मनात नऊ वारांचे मीटर केले आणि सांगितलं, “ओचो मेत्रोस.” आठ मीटर. विहीणबाईंनी दुकानाच्या दारापासून आरशापर्यंत नजर टाकली, परत आणली आणि हळू आवाजात विचारलं, “एका माणसासाठी?”

चार महिने मी ‘हे मला मोठं होतंय’ आणि ‘हे मला लहान होतंय’ ही दोन वाक्यं पाठ केली होती. साडीपुढं दोन्ही फुकट गेली. साडी सगळ्यांनाच मोठी होते, मोठी होते म्हणूनच ती साडी. कपडा माणसाएवढा करायचा हे त्यांचं शास्त्र. आपल्याकडं कपडा आहे तेवढाच राहतो, माणूस त्यात आपली सोय लावून घेतो.

शेवटी त्यांना सहावारी, हिरवी, लाल काठाची आवडली. दुकानातल्या मुलानं ती त्यांच्या खांद्यावर टाकून त्यांना आरशासमोर उभं केलं, आणि मी शिकलेली ‘प्रोबादोर’, म्हणजे घालून बघायची खोली, तिथंच उदबत्तीच्या धुरात पार पडली. भाव निघाला 2,400. विहीणबाई पुस्तकात शिकल्याप्रमाणं पर्स उघडून “मी घेते” म्हणणार, तेवढ्यात आमच्या मंडळींनी त्यांच्या पर्सवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “बाराशे.”

विहीणबाईंनी मला विचारलं, काय झालं? मी सांगितलं, अर्धे. त्यांचा चेहरा पडला. “पोब्रे ओम्ब्रे,” त्या दुकानदाराकडं बघून म्हणाल्या. बिचारा माणूस.

बिचारा माणूस म्हणाला, “वहिनी, बाराशात नुसता काठ येतो.” मंडळी म्हणाल्या, “मग काठ ठेवा, साडी द्या.” तो म्हणाला, खरेदीत पडत नाही. त्या म्हणाल्या, लग्नघर आहे, 20 साड्या घ्यायच्यात. तो म्हणाला, म्हणून तर चोवीसशे सांगितले, दुसऱ्याला सव्वीसशे. त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या. एक चप्पल पायात घातली, दुसरी घातली नाही. ही जी दुसरी चप्पल असते, तिच्यावर आपला सगळा किरकोळ व्यापार उभा आहे. विहीणबाईंना वाटलं, भांडण झालं, सोयरीक मोडली. त्यांनी घाईनं 500 च्या नोटा काढून दुकानदाराच्या हातात कोंबल्या. दुकानदारांनी त्या आदरानं परत केल्या. “बाई, थांबा जरा. अजून वहिनींची एक चप्पल बाहेर हाय.”

दोन हजारांवर आलं. मंडळी म्हणाल्या, “फॉल-पिको धरून?”

“फॉल-पिकोचे येगळे.”

आता फॉल आणि पिको स्पॅनिशमध्ये कसं सांगायचं या विचारानं मला घाम फुटला. मी सुरुवात केली, “दोस मिल...” दोन हजार. पुढं गाडी हलेना. पण विहीणबाईंचा कान दुकानदाराच्या शब्दावर होता. त्यांचा चेहरा खुलला.

“आ! दोस मिल ई पीको!”

दुकानदार मांडीवर थाप मारून म्हणाले, “बघा! बाईंना बी कळलं पिकोचे येगळे असत्यात. तुमालाच कळत न्हाय.”

नंतर पुतण्याकडून उलगडा झाला. ‘ई पीको’ म्हणजे आणि वर काहीतरी. वीस ई पीको म्हणजे विसावर थोडे, दोस मिल ई पीको म्हणजे दोन हजार आणि वरचे किरकोळ. पीको म्हणजे मूळ चोच, टोक. त्यांना वाटलं दुकानदार अस्सल स्पॅनिशमध्ये दोन हजारांच्या वर काहीतरी सांगतोय. आणि दुकानदार अस्सल मेढ्याच्या भाषेत दोन हजारांच्या वर काहीतरीच सांगत होता. त्या दोन तासांत दोघांमध्ये झालेला हा एकमेव संपूर्ण संवाद, आणि त्यात दुभाष्याचा हात नव्हता.

उरलं ब्लाउज. गल्लीच्या तोंडाशी आमचे टेलर आहेत. त्यांनी गळ्यात टेप टाकून मापं घेतली, वहीत उतरवली आणि मला म्हणाले, “बाईंना सांगा, आत माया ठेवतो.” शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, पुढं अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला आपल्याकडं माया म्हणतात. आता हे मला येत होतं, पण स्पॅनिशमध्ये येत नव्हतं. मोबाइलमध्ये ‘माया’ टाकलं, शब्द आला ‘आमोर’. मी विश्वासानं वाक्य जुळवलं, “एल सास्त्रे पोने आमोर एन ला ब्लूसा.” टेलर तुमच्या ब्लाउजमध्ये प्रेम ठेवतोय.

विहीणबाई लाजल्या. मग त्यांनी टेलरकडं जरा नीट बघितलं. टेलर दचकून एक पाऊल मागं सरकले. “काय सांगितलंत ओ गुरुजी?”

“तू म्हणालास तेच.”

“आन देणार कधी, तेबी सांगा. उद्या सकाळी.”

हे सोपं होतं. ‘मान्याना’ म्हणजे उद्या आणि ‘मान्याना’ म्हणजेच सकाळ. मान्याना पोर ला मान्याना. विहीणबाईंना शंका आली, नक्की उद्याच ना? शिलाईच्या धंद्यातला ‘उद्या’ हा शब्द कसा घ्यायचा, यावर मी त्यांना मराठीतून समजावलं, कारण तेवढं व्याकरण सातव्या धड्यात नव्हतं. ब्लाउज चौथ्या दिवशी, लग्नाच्या सकाळी, अक्षता वाटून झाल्यावर आलं. पण सकाळीच आलं.

मुहूर्ताला विहीणबाई हिरव्या साडीत उभ्या राहिल्या तेव्हा मांडवातल्या बायका बघत राहिल्या. वहिनींनी विचारलं, “ब्लाउज बसलं का नीट?” विहीणबाई म्हणाल्या, “छान.” फार बोलल्या नाहीत. हात खांद्यापासून जरा ताठच होते, पण परक्या लग्नात माणूस अवघडतोच.

मग त्यांनी आहेर काढले. दादांना शर्ट, मला शर्ट, दोन्ही तिकडून आणलेले, घडीत टाचण्या लावलेले. माझा निळा होता. फोटोवरून माप काढलं होतं त्यांनी, आणि फोटो मी नोकरीत असतानाचा पाठवला होता. सगळ्यांनी आग्रह केला, आत्ताच घाला. घातला. गळा आला, हात आले, आणि पोटाशी दोन काजं आपापल्या बटणांकडं नुसतीच बघत राहिली. ओढून लावली.

विहीणबाई समोर आल्या. डोळ्यांत उत्सुकता. विचारलं, “के ताल?” कसा आहे?

चार महिने मी ज्या क्षणाची तयारी केली होती तो हाच. सातवा धडा, पान तिसरं. मे केदा पेकेन्या, मला लहान होतोय. एस्ता आप्रेतादा, घट्ट आहे. लिंगासकट, वचनासकट, आघातासकट जिभेच्या टोकावर उभी होती वाक्यं. पण आहेराचा कपडा होत नाही असं सोयऱ्याला सांगायचं असतं का? मी पोट आत घेतलं.

“मुय ब्येन,” म्हणालो. फार छान.

“छान,” त्याही म्हणाल्या. मग आमचा फोटो निघाला. तो आता दादांच्या ओटीवर लावलाय. त्यात विहीणबाई आणि मी शेजारी उभे आहोत, ताठ, छाती पुढं, दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव. लोकांना वाटतं रुबाब आहे. पाहुणी मंडळी गेल्यावर आठ दिवसांनी पुतण्याच्या बायकोनं फोनवर आमच्या मंडळींना सांगितलं की आईनं त्या रात्री खोलीत गेल्या गेल्या ब्लाउजची शिवण उसवली, आतलं जादा कापड सोडलं, आणि मगच पोटभर श्वास घेतला. मला सांगायला सांगितलं होतं म्हणे, टेलरचं आमोर कामाला आलं.

मी शर्ट घेऊन टेलरकडं गेलो. म्हटलं, जरा सैल कर. त्यांनी शर्ट उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला, उजेडात धरला.

“ह्यात मायाच न्हाय ओ गुरुजी. मशिनचा हाय. कडंला टीप मारून कापून टाकल्याली.”

“असू दे,” म्हटलं. “तिकडून आणताना घातली असेल त्यांनी. तुला दिसायची नाही. मी पोट आत घेतो.”